ढेपेचा हिवाळा

ताज्या ढेपेचा वास मला अजून आवडतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणालाही वाटेल की या माणसाला त्या वासानं मळमळत असेल. नाही मळमळत. अकोल्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक जुनी तेलाची मिल आहे. दिवाळी सरते, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे रांगा लावतात आणि थोड्याच दिवसांत कापसातून निघालेली सरकी तेलासाठी मिलमध्ये येऊन पडते. तेल निघालं की मागे उरते ती ढेप, गाई-म्हशींचा खुराक. दुपारी वारा आमच्या बाजूला वळला की तो वास घरात शिरतो. भाजल्यासारखा, तेलकट, किंचित गोड. गोठ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा भरल्या घराचा वास वाटतो. मी खिडकीशी उभा राहून तो छातीभर घेतो. मग स्वयंपाकघरात जातो आणि कुत्र्यांची हंडी चढवतो.

हंडीत ज्वारीच्या कण्या असतात. अर्ध्या शिजल्या की लाल भोपळ्याच्या फोडी, किसलेलं गाजर, आठवड्यातून दोनदा कोंबडीची कलेजी, एरवी उकडलेली अंडी. मीठ नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, तो कुत्र्यांच्या रक्तावर उठतो. हे सगळं मी वयाच्या शहात्तराव्या वर्षी शिकलो. त्याआधी मला सगळं येत होतं.

"माह्या भाजीत मीठ कमी पडलं तं ताट सरकवता," माझी बायको निर्मला म्हणते, "अन् कुत्र्याइसाठी अळणी रांधून राहिले. पुढच्या जन्मी मीच कुत्री होतो म्हणजे तुमच्या हातचं खायले भेटन." मग एक क्षण थांबते आणि म्हणते, "नको बावा. तुमच्या हातचं नको."

ती हे हसत म्हणते. मी हसत नाही.

गल्लीतली सहा कुत्री आणि नातीचं घरातलं एक, अशी सात तोंडं मी रोज जेवू घालतो. शेजारी म्हणतात, गुरुजी म्हातारपणी भूतदया करून राहिले. भूतदया वगैरे काही नाही. एका माणसाचा मला सूड घ्यायचा आहे आणि तो माणूस रोज त्या हंडीपुढे उभा असतो, पळी हातात घेऊन. त्याला मी बसू देत नाही. गुडघे दुखतात म्हणाला तरी देत नाही.

त्या हिवाळ्यात मी चोपन्न वर्षांचा होतो. वलगावच्या पुढे आमचं गाव. गावच्या शाळेत मी शिक्षक, घरची काळी जमीन, त्यात कापूस, तूर आणि हरभरा. त्या वर्षी कापूस असा फुटला होता की सकाळी वावराकडे पाहिलं तर डोळे दिपायचे. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं सरकायच्या, त्यांच्या बोलण्याची गुणगुण धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, ऐकू यायची. तुरीच्या शेंगा भरत होत्या. हरभऱ्याच्या पानावरची आंब पहाटे धोतराला लागायची आणि दिवसभर पोटऱ्या चुरचुरायच्या. बोरं पिकली होती. हा असा हंगाम, ज्यात शेतकरी माणूस दोन महिने तरी कोणाचा हेवा करत नाही.

फक्त रोही यायचे. नीलगाईंना आमच्याकडे रोही म्हणतात. दहा-पंधराचा कळप हरभऱ्यात शिरला की सकाळी फक्त खुरांचे ठसे उरत. त्यासाठी कुत्री. माझी चार होती: भुऱ्या, टिप्या, राणी आणि मंत्री. मंत्र्याचं नाव निर्मलानं ठेवलं होतं, कारण तो नुसता बसून असायचा आणि जेवणाच्या वेळी बरोबर हजर व्हायचा.

गावातली सगळी कुत्री शिळ्या भाकरीवर जगत. मला ते पटेना. मी वर्गात मुलांना प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ शिकवणारा माणूस. शेतीविषयक मासिकं घरी येत. म्हशीला ढेप चारली की दूध वाढतं, बैलाला चारली की खांदा भरतो, हे तर डोळ्यांनी पाहत होतो. ढेपेत प्रथिनं किती हे मासिकात छापून यायचं. मग रात्रभर रोह्यांमागे धावणाऱ्या जनावराला ती का नको? मी खुराक ठरवला. ज्वारीच्या कण्या, डाळ भरडून उरलेली तुरीची चुनी, रात्री भिजत घातलेली सरकीची ढेप. सकाळी सगळं एकत्र शिजवायचं, निवलं की वरून ताक. पहिल्या दिवशी कुत्र्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी थोडा गूळ घातला. मग खाऊ लागली. पंधरवड्यात त्यांच्या अंगावर चमक आली असं मला वाटलं. खरंच आली होती की मला पाहायची होती, आता सांगता येत नाही.

मी ते चारचौघांत सांगितलंही. पारावर बसून सांगितलं की कुत्र्यालाही समतोल आहार लागतो. दादाराव माझा लहानपणचा मित्र. तो म्हणाला, "गुरुजीची कुत्री आता दूध देतीन." सगळे हसले. मीही हसलो. लोकांनी हसावं आणि नंतर माझंच खरं निघावं, याची मला सवय होती.

मंत्री तेवढा ते खाईना. घमेल्यापर्यंत यायचा, तोंड लावायचा आणि निर्मलाच्या चुलीकडे जाऊन बसायचा. ती त्याला भाकर टाकायची. मी म्हणायचो, याला चांगलं कळत नाही.

माझ्या वावराला लागून सुखदेवची दोन एकरांची बागाईत होती. गोड पाण्याची विहीर, वांगी, कोबी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, कडेनं शेवंती आणि झेंडू. पिढ्यान्पिढ्या भाजीपाला करणारं घर. तो, त्याची बायको आणि मोठी मुलगी मंगला पहाटेपासून वाफ्यात वाकलेली असत. माल डोक्यावर घेऊन माझ्या धुऱ्यावरून सडकेला लागत. धुरा माझा, वहिवाट त्यांची. माझ्या वडिलांच्या आधीपासूनची.

माझी कुत्री त्याच्या वाफ्यांतून धावायची. कोबीची रोपं मोडायची. तो दोनदा सांगायला आला. तिसऱ्यांदा जरा चिडून बोलला, "गुरुजी, कुत्रे बांधा बरं तुमचे. मी फवारणी करून राहिलो. एखांद्या दिवशी भलतंच होऊन बसन, मंग मले म्हणू नोका."

हे वाक्य मी जपून ठेवलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की मी ते जपून ठेवतो आहे.

पौषात राणीला धाप लागली. चार पावलं चालली की बसायची. तिचं पोट एका बाजूनं जड दिसू लागलं. निर्मला म्हणाली, गाभण असेल. मग भुऱ्या. तो रोह्यांमागे सुटायचा आणि अर्ध्या वावरात थांबायचा, जीभ बाहेर, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या. त्याचंही पोट फुगलं. तो तर नर. जनावरांच्या दवाखान्यातला एक माणूस येऊन सुई टोचून गेला. म्हणाला, "काई खाल्लं असन. विषाचाच प्रकार वाटते." राणी एका सकाळी गव्हाणीजवळ मेलेली दिसली. भुऱ्या आठ दिवसांनी.

त्या दिवशी जेवताना निर्मला म्हणाली, "तुमच्या हातचं खाणारेच मरून राहिले. मंत्र्याले काही झालं नाई. ती ढेप बंद करून पाहा बरं."

मी ताटावरून उठलो. चार दिवस तिच्याशी बोललो नाही. बी.एड. झालेल्या माणसाला, सातवी शिकलेल्या बाईनं.

टिप्या सुखदेवच्या कुंपणाला लागून पडला. दुपारची वेळ होती. धावता धावता पडला, तोंडाला थोडा फेस आला आणि संपला. कुंपणाच्या पलीकडे सुखदेव पाठीवर पंप बांधून वांग्यांवर फवारणी करत होता.

इतकं सरळ दिसत होतं सगळं.

त्या हिवाळ्यात मला थंडी वाजली नाही. हे मला नीट आठवतं, कारण त्या वर्षी गारठा फार होता. लोक सकाळी तुराट्या पेटवून शेकत बसलेले असत आणि मी नुसत्या सदऱ्यावर धुऱ्याकडे निघायचो. छातीत काहीतरी पेटलेलं होतं. जेवण जास्त जायचं. झोप गाढ लागायची. वर्गात मी पूर्वीपेक्षा चांगलं शिकवायचो. कोणाचं तरी वाईट करायचं ठरवलं की माणूस किती निरोगी होतो, याबद्दल कोणी लिहीत नाही. मी लिहितो. इतकं तरतरीत मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

पहिल्यांदा मी धुरा नांगरला. वहिवाट मोडली आणि तोंडाशी बोराटीच्या काटेरी फांद्या टाकल्या. आता सुखदेवला सडकेला जायचं तर नाल्यात उतरून, गुडघाभर गाळातून, लांबच्या वळणानं जावं लागे. मी रोज सकाळी ते पाहायला जायचो. दुसरं काही काम नसायचं. कोबीचं टोपलं डोक्यावर घेऊन त्याची बायको नाल्याचा काठ चढायची, पाय घसरायचा, टोपलं सावरायची. मी हात मागे बांधून उभा. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मला वाईट वाटायचं ते एवढ्याचंच, की ती वर पाहत नाही.

मग चांदूर बाजारचा बाजार. तिथं सुखदेवची ठरलेली जागा होती. निम्म्या बाजाराला मी शिकवलेलं. एका टपरीवर दहा जणांत चहा घेताना मी आवाज न चढवता एवढंच म्हणालो, "कुत्र्याले घालणारा माणसाले घालणार नाई कायवरून? वांग्यावर काय मारते, आपल्याले काय माईत." शिक्षकाला आवाज चढवावा लागत नाही. पुढच्या बाजारी त्याची निम्मी वांगी परत गेली. त्याच्या पुढच्या बाजारी सगळी. दादाराव येऊन म्हणाला, "गुरुजी, लोक त्याले जहरवाला म्हणून राहिले." मी म्हटलं, "लोकांच्या तोंडाले हात लावता येते का?" आणि आम्ही दोघांनी हुरडा खाल्ला. कोवळ्या ज्वारीचा, गरम, तिखट चटणीबरोबर. फार चांगला झाला होता.

सुखदेव एकदा दारात आला होता. पायरीखालीच उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, माही टिकली बी मेली ना. मी कायले माह्याच कुत्रीले मारीन?"

टिकली म्हणजे त्याची लहानशी पिवळी कुत्री. कुंपणाखालून येऊन रोज माझ्या कुत्र्यांच्या घमेल्यात जेवायची. मी तिला कधी हाकललं नाही, उलट कौतुकानं वाढायचो. ती मेली होती आणि तिच्या मरणात सगळं उत्तर होतं, एखाद्या चौथीच्या मुलालाही जमेल असं. मी उत्तर दिलं, "संशय येऊ नये म्हणून घरचंही मारते माणूस."

 सुखदेव चपला हातात घेऊन निघून गेला. चपला का हातात घेतल्या, कळलं नाही.

आणि आता ते, जे निर्मलालाही मी मागच्या वर्षीपर्यंत सांगितलं नव्हतं. माघात भातकुलीकडचे पाहुणे मंगलासाठी आले. गावात चौकशी करायची तर गुरुजींकडे करायची, ही पद्धत. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हणालो, "पोरगी कामाची हाय. सैपाकही चांगला करते म्हणतात." मग थोडं थांबलो. "आमी काई अलीकडं त्या घरचं खाल्लं नाई."

दोन माणसं होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा अर्धा ठेवून उठली. मी त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात सुखदेवनं दोन एकर विकली. गोड पाण्याची विहीर सोडून तो भातकुलीच्या बाजूला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात दुसऱ्याची जमीन करायला गेला, असं ऐकलं. भाजीपाला करणारा माणूस खाऱ्या पाण्यावर. मी ते दादारावला दोनदा सांगायला लावलं.

कुत्री मी पुन्हा पाळली नाहीत. मंत्री पाच वर्षं जगला, भाकरीवर. नोकरी संपल्यावर आम्ही अकोल्याला राहायला आलो.

मागच्या हिवाळ्यात नातीच्या कुत्र्याची कातडी कोरडी पडली म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई घरी आल्या. चांगली मुलगी, अकोल्याचीच. म्हणाल्या, घरचं शिजवलेलं देत असाल तर उत्तमच, पण काय देता? मी फुशारलो. म्हणालो, "बाई, मी वीस-बावीस वर्षांपूर्वी कुत्र्यांसाठी खुराक तयार केला होता. कण्या, चुनी, ढेप, ताक."

"ढेप कशाची, आजोबा?"

"सरकीची."

त्यांचं लिहिणं थांबलं. "किती दिवस दिली?"

"दोन-अडीच महिने. रोज."

"मग त्यांना धाप लागायची का? थोडं धावलं की बसायची? पोटात पाणी होऊन पोट फुगायचं?"

मी कुत्री मेल्याचं एक अक्षरही बोललो नव्हतो.

त्या सांगत होत्या. सरकीत एक विषारी द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात ते बरंचसं मोडून जातं, म्हणून गाई-म्हशींना ढेप चालते. कुत्र्याला ते जिरत नाही. रोज थोडं थोडं साचतं, काळजाचं काम बिघडतं, काही आठवड्यांनी लक्षणं दिसतात, आणि कधी कधी जनावर धावता धावता एकदम पडतं. "बाहेरून विषबाधेसारखंच दिसतं," त्या म्हणाल्या. "आपल्या कापसाच्या भागात अशा चुका होतात. चांगलं समजूनच देतात लोक." मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, शवविच्छेदन झालं नाही तर शंभर टक्के कोण सांगणार, पण तुम्ही जे सांगता त्यात दुसरं काही शोधायची गरज मला वाटत नाही.

निर्मला दारात उभी होती. ती आत गेली आणि नातीच्या कुत्र्यासाठी भाकर घेऊन आली. बोलली असती तर बरं झालं असतं.

वाचकाला वाटेल, मला लगेच पश्चात्ताप झाला. नाही झाला. आधी राग आला, तोही सुखदेवचाच. बावीस वर्षं सांभाळलेला, रोज थोडा थोडा उबवलेला द्वेष कोणीतरी माझ्या हातून काढून घेत होतं आणि मी तो सोडायला तयार नव्हतो. त्याच्या फवारणीचं काय? त्याच्या धमकीचं काय? आठ दिवस मी त्याच्याविरुद्ध पुरावे शोधले. नवव्या दिवशी टिकली आठवली. कुंपणाखालून येणारी, शेपटी हलवत, माझ्या हातचं खायला.

मग तो राग फिरला. एवढा मोठा राग जाणार कुठं? त्याला माणूस लागतो. माणूस घरातच होता.

सुखदेव अमरावतीत सापडला. एका देवळाच्या रस्त्यावर मंगलाचं फुलांचं दुकान आहे. तो मागे स्टुलावर बसून शेवंतीचे हार ओवत होता. पार वाळलेला, चष्मा दोरीनं बांधलेला. मला पाहून सुई थांबली.

"गुरुजी ना तुमी? मंगले, बसाले दे त्यायले."

मंगलानं स्टूल दिलं. चाळिशी ओलांडलेली बाई, हाताला फुलांचा रंग. लग्न उशिरा झालं, नवरा लवकर गेला, एवढं मला येण्याआधी कळलं होतं. मी सगळं सांगितलं. ढेप, डॉक्टरीण, धाप, पोट, टिकली. धुऱ्याचं, बाजाराचं, चहाचंही. तो ओवत राहिला. मी थांबलो तेव्हा हार पुरा होत आला होता.

"झालं?"

"हो."

"मंग मले काहून सांगून राहिले गुरुजी? मी नाई मारले, हे मले तं त्याच दिवशी माईत होतं."

मी म्हणालो, माफी मागायला आलो.

"कायची?" मंगला म्हणाली. गिऱ्हाइकाला गजरा बांधून देत होती, वर न पाहता बोलत होती. "अर्धा चहा राहिला त्याची? आलेले पावणे कप अर्धाच ठेवून गेले होते म्हणता. ते कप कोणं धुतले गुरुजी, काकूनं? तिले माईत होतं का, काय धुऊन राहिली ते?"



सुखदेवनं दोऱ्याला गाठ मारली आणि दातानं तोडली. "माफी नाई देत," तो अगदी शांतपणे म्हणाला. "राग नोका येऊ देऊ. तुमी मोठे माणूस, एवढ्या लांबून आले, च्या घेऊन जा. पण माफी नाई देत. माही बायको त्या नाल्यात पडली तवा तुमी उभे होते. ती मेली तरी तिची कंबर सुदी झाली नाई. माफी माह्यापाशीच राहू द्या."

"मग मी काय करू?"

"ज्यायच्या कानात टाकलं, त्यायच्या कानातून काढा. एकेकाच्या. सांगून झालं का मले फोन करत जा. नंबर घ्या."

मंगलानं चहा आणून दिला. मी तो पूर्ण प्यालो. दोघंही तेवढा वेळ माझ्या कपाकडे पाहत होते.

तेव्हापासून मी गावी जातो, बसनं. पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्ते बदललेले. सडकेवर एका तरुणाला दादारावचं नवं घर विचारलं. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "ते काय, जहरवाल्याच्या वावराच्या तिकडून वळा."

"कोणाच्या वावराच्या?"

"जहरवाल्याच्या. त्या विहिरीच्या. सगळे तसंच म्हणतात."

"का म्हणतात?"

"काय माईत. नावच हाय ते."

मी त्याला तिथेच उभं करून सांगितलं. पूर्ण. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, "बरं आबाजी," आणि गाडीला किक मारून गेला. बदनामी करायला मला एक कप चहाएवढा वेळ लागला होता. आता तिला मालकही लागत नव्हता, कारणही लागत नव्हतं. ती जमिनीला चिकटून राहिली होती.

दादाराव अंथरुणाला खिळलेला, पण जीभ शाबूत. सगळं ऐकून तो खो खो हसला, खोकला, पुन्हा हसला. "जाऊ द्या ना गुरुजी. त्यानं नाई तं कोणं टाकलं? ढेपेनं कुठं कुत्रे मरतात का? आपले बैल नाई मेले ते."

"अरे, बैल रवंथ करतो."

"तुमचं वय झालं आता," दादाराव म्हणाला. "त्या पोरीनं काहीबाही सांगितलं अन् तुमी मनाले लावून घेतलं. तुमच्यासारख्या माणसाच्या हातून असं होत नसते."

हाच माणूस माझं एक वाक्य बाजारभर घेऊन गेला होता. पुरावा मागितला नव्हता, डॉक्टरला विचारलं नव्हतं. मला त्याचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला, त्या खाटेवरच. मग दिसलं की तो माझ्यावर अविश्वास दाखवत नाही आहे. तो गुरुजींवर विश्वास ठेवतो आहे, त्या जुन्या. त्या गुरुजींनी याच्या डोक्यात इतकं घट्ट घर केलं आहे की मी बाहेर उभा राहून दार वाजवतो आणि तो आतून म्हणतो, गुरुजी आधीच आत आहेत.

संध्याकाळच्या बसमधून मी फोन लावला.

"आज कोण?" सुखदेवनं विचारलं.

"दादाराव."

"मानलं?"

"नाही."

"मंग पुन्हा जा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी सहा वेळा गेलो आहे. डॉक्टरीणबाईंकडून कागदावर लिहून घेतलं, तो कागद दादारावच्या उशाशी ठेवला. भातकुलीच्या त्या दोन पाहुण्यांपैकी एक सापडला, ऐकू न येणारा. त्याच्या सुनेला सांगितलं, तिनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. चांदूर बाजारच्या त्या टपरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. दुकानदार माझाच विद्यार्थी निघाला. तो म्हणाला, "गुरुजी, मी तवा त्यायचे वांगे परत दिले होते."  दुसऱ्या दिवशी तो अमरावतीला जाऊन शेवंतीचे हार घेऊन आला, हे मला सुखदेवकडून कळलं. सुखदेवला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. "हार घेतले अन् मान खाली घालून गेला," म्हणाला. "माह्याशी तरी बोलाचं होतं."

निर्मला म्हणते, लिहून काढा, तेच तुम्हाला येतं. म्हणून लिहिलं. छापायला देण्याआधी अमरावतीला जाऊन सुखदेवला वाचून दाखवलं. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मंगला पाण्याचा हात फुलांवर फिरवत ऐकत होती. तो डोळे मिटून बसला होता, मला वाटलं झोप लागली. संपल्यावर म्हणाला, "कुत्र्याइचं लय लिहिलं. अन् हिवाळ्याचं. वाचणाऱ्याले गोड वाटन."

"मग काय काढू?"

"काढू काई नोका. टाका. सुखदेव, सुखदेव, असं कोणता सुखदेव? गावात चार हायेत. तुमचं नाव तं लेखावर राहीनच. माह्यं पुरं टाका, बापासकट. अन् गोल गोल नोका लिहू."

टाकतो. सुखदेव किसन खोडस्कर यांनी माझी कुत्री मारली नाहीत. त्यांनी कोणालाच विष घातलं नाही. ती विहिरीची दोन एकर खोडस्करांचं वावर आहे. कुत्री मी मारली, आणि त्यांचंही कुत्रं मीच मारलं.

उद्या पुन्हा दादारावकडे जायचं आहे.